माझं रडणं साहेबांपर्यंत

"ये मैडम आजकल नल खोलकर रोती हैं," सुपरवायझर म्हणाला. "इनसे ज़रा प्यार से, हाँ?"

सकाळच्या ब्रीफिंगला आम्ही ओळीत उभे होतो. लखनौच्या अमौसी विमानतळावर व्हीलचेअर ढकलणारे, सगळे ठेक्यावरचे. ओळ हसली. मीही हसले. त्याची लाज अजून जात नाही.

न्हाणीघरात नळ सोडून रडते हे मी आईलाही कळू दिलं नव्हतं. सांगितलं होतं फक्त ठेकेदार कंपनीने आणलेल्या समुपदेशक बाईंना. दार लावून, पाण्याचा ग्लास पुढे सरकवून त्या म्हणाल्या होत्या, "यह बात इस कमरे से बाहर नहीं जाएगी, बेटा."

बेटा! त्या एका शब्दावर मी सगळं ओतलं. बदलीने आम्हाला इथे आणणारे हवाई दलातले वडील गेले. वृंदावन योजना नावाच्या वसाहतीत भाड्याच्या खोलीत मी आणि आई. ठेका वाढणार की नाही, शेवटच्या दिवसापर्यंत कुणी सांगत नाही. घास उतरत नाही. वेणी घालायला हात उचलत नाही. बाईंनी मान हलवली. "सोच बदलिए. जो है, उसका शुक्रिया मानिए."

ठेक्याबद्दल एक प्रश्न नाही.

ब्रीफिंगनंतर मला घरी पाठवलं. "आराम करो, तुम्हारे भले के लिए है." बिनपगारी आराम. माझं भलं यांना अचानक कुठून सुचलं?

सोबत काम करणारी शबनम दीदी गेटपर्यंत आली. इकडेतिकडे बघून म्हणाली, "मैंने भी उसी कमरे में बताया था कि शौहर का काम छूट गया. तब से सारी नाइट शिफ़्ट मेरी. जानते हैं, अब मना नहीं करूँगी."

 त्या खोलीत कुणी आमचं दुखणं ऐकत नव्हतं. कोण किती वाकेल, ते चाचपत होते.

मला परत कामावर बोलावलं त्या दिवशी बाईंचं पुढचं सत्र सगळ्यांसमोर होतं. सुपरवायझर भिंतीला टेकून. बाई हसून म्हणाल्या, "आज कौन दिल खोलेगा?"

मी उठले. 

"पहले आप बताइए, मैडम. मेरा रोना साहब तक किसने पहुँचाया?"

"बेटा, तुम अभी ठीक नहीं हो."

"ठीक नहीं हूँ. बेवकूफ़ भी नहीं हूँ."

या वेळी कुणी हसलं नाही. शबनम दीदी उठून माझ्या शेजारी उभी राहिली. बाकीच्यांनी माना खाली घातल्या.

माझा ठेका वाढला नाही. आई म्हणाली, "गप्प बसली असतीस तर?" गप्पच तर होते इतकी वर्षं, आई. त्यानेच तर पोखरलं.

सरकारी इस्पितळातून गोळ्या आणते. घेते. आजारी आहे, हे मला मान्य. पण हा आजार माझ्या कच्च्या मनाचा, माझ्या चुकीच्या विचारांचा, हे मान्य नाही. माणसाला रोज टांगून ठेवायचं आणि वर विचारायचं, तुला उदास का वाटतं?

यापुढे कुणी मायेने विचारलं, काय होतंय गं तुला, तर मी आधी विचारणार: तुम्ही पगार कुणाचा घेता?