लीलाताईंच्या नावावरचं चित्र

लीलाताई वैरागडे साकेत नगरात आमच्याच इमारतीत, खालच्या मजल्यावर राहतात. त्यांचे वडील छप्पन साली सरकारी कचेऱ्यांबरोबर नागपूरहून भोपाळला आले. लीलाताईंचा जन्म इथलाच. भू-अभिलेख कार्यालयात छत्तीस वर्षं नोकरी करून त्या निवृत्त झाल्या आणि सातव्याच महिन्यात त्यांच्या यजमानांना, हेमंतरावांना, पक्षाघाताचा झटका आला. उजवी बाजू गेली आणि वाचाही गेली. कारखान्यात टेक्निशियन असलेला हा माणूस एकेकाळी जिन्यात भेटला तर अर्धा तास सोडायचा नाही. आता त्यांच्याजवळ ‘हां’ आणि ‘ना-ना’ एवढे दोनच आवाज उरले.

मुलगी रसिका हैदराबादला असते. ती आली तेव्हा आईसाठी जलरंगांची पेटी, तीन ब्रश आणि जाड कागदाची वही घेऊन आली. लीलाताईंना शाळेत चित्रकलेची आवड होती, हे तिला कुठून तरी ठाऊक होतं. एम. पी. नगरमध्ये एक क्लासही तिने शोधून दिला. लीलाताई तिथे एकदाच गेल्या. परत आल्या तर हेमंतराव पलंगावरून खाली पडलेले. पाणी घ्यायला वाकले होते म्हणे, आणि तासभर तसेच पडून होते. त्यानंतर लीलाताईंनी क्लासचं नाव काढलं नाही.

मग उरला मोबाइल. दुपारी दोन ते चार हेमंतराव झोपत. तेवढ्या वेळात लीलाताई जेवणाच्या टेबलाशी बसून इंटरनेटवर चित्रकारांची चित्रं बघत. सुरुवातीला दिसेल ते बघायच्या. हळूहळू एकाच नावावर येऊन थांबल्या. स्वरदा केळुसकर. मालवणकडची कुणी बाई, वयाने रसिकाहून थोडी मोठी असेल. ती आपली चित्रं टाकायची आणि अधूनमधून चित्र करतानाचे छोटे व्हिडिओ. त्यात ती बोलायची नाही. नुसते हात दिसायचे, ब्रश दिसायचा, आणि वाटीत ब्रश खळबळल्याचा आवाज यायचा.

लीलाताई ते व्हिडिओ दर चार-पाच सेकंदांनी थांबवून वहीत टिपण करायच्या. अक्षर कचेरीतलंच, सरळ आणि टपोरं: कागद आधी ओला करणे. चमक जाईपर्यंत थांबणे. मग निळा, पण वरून खाली एकदाच. परत हात लावू नये. त्या वहीतली काही पानं मी पाहिली आहेत. एकदा मला म्हणाल्या, “अगं, सगळा खेळ पाण्याचा आहे. आपण घाई करून राहिलो की पाणी ऐकत नाही.”

स्वरदाचं एक चित्र त्यांच्या मनात घर करून बसलं. मागील दारी दोरीवर वाळत घातलेलं पांढरं धोतर, त्यावर पडलेली पपईच्या पानांची सावली. चित्रात पांढरा रंग कुठेच नव्हता. कागदच पांढरा ठेवून भोवताली रंग लावलेला होता. लीलाताईंनी ते चार महिन्यांत अकरा वेळा काढलं. कधी सावली चिखलासारखी व्हायची, कधी धोतर पुठ्ठ्यासारखं ताठ दिसायचं. अकराव्या वेळी जमलं. त्याखाली त्यांनी पेन्सिलीने लिहिलं, ‘स्वरदा केळुसकर यांच्या चित्रावरून अभ्यास’, आणि तारीख घातली.

त्याच सुमारास त्यांनी स्वतः बघूनही एक चित्र केलं होतं. हेमंतरावांना व्हीलचेअरवरून शाहपुरा तलावाला नेलं होतं, तिथल्या संध्याकाळचं. ते तितकं साधलं नव्हतं. पाणी जरा जड झालं होतं. पण ते त्यांचं होतं.

आमच्या भागात मराठी मंडळ आहे. त्याचा चिटणीस शैलेंद्र मुठाळ, तिशीतला, कोचिंगमध्ये शिकवतो, धावपळ्या मुलगा. नोव्हेंबरात तो हेमंतरावांना भेटायला आला. लीलाताई चहा करत होत्या तेवढ्यात त्याने टेबलावरच्या चित्रांचे फोटो काढले. चहा देताना लीलाताई म्हणाल्याही, की यातली बरीच बघून केलेली आहेत, मी अजून शिकतेय. त्याला तो विनय वाटला. पंधरा दिवसांनी त्याचा फोन आला की मंडळाच्या दिनदर्शिकेवर काकूंचं चित्र छापायचं ठरलंय. लीलाताई त्या वेळी हेमंतरावांना भरवत होत्या. एका हातात चमचा, खांद्याला दाबून धरलेला फोन. त्यांना वाटलं, तलावाचं चित्र. कुणालाही तेच वाटलं असतं, भोपाळची दिनदर्शिका म्हटल्यावर. त्या ‘बरं’ म्हणाल्या.

प्रकाशन डिसेंबरच्या शेवटच्या रविवारी झालं. मी तिथेच होते. हेमंतरावांना पहिल्या रांगेच्या कडेला बसवलं होतं, इस्त्रीचा शर्ट, केस नीट विंचरलेले. पाहुण्यांनी दिनदर्शिकेची गुंडाळी सोडली आणि वर धरली. एकच मोठं पान, खाली महिन्यांचा गठ्ठा, वर चित्र. दोरीवरचं पांढरं धोतर. पेन्सिलीची ओळ छपाईत कापली गेली होती. त्या जागी ठसठशीत अक्षरं होती, ‘चित्र: सौ. लीला वैरागडे’.

लीलाताईंना मंचावर बोलावलं. शाल, श्रीफळ. टाळ्या वाजल्या, त्यात माझ्याही होत्या. त्या माइकपाशी गेल्या, तेव्हा मला वाटलं भाषण करतील. त्यांनी समोर पाहिलं. हेमंतराव रडत होते, आणि चेहऱ्याच्या हलणाऱ्या अर्ध्या बाजूने हसतही होते. डाव्या हाताने मांडीवर टाळी वाजवत होते. दोन वर्षांत त्यांना असं कुणी पाहिलं नव्हतं. लीलाताई “धन्यवाद” म्हणाल्या आणि खाली उतरल्या.

त्याच संध्याकाळी त्यांनी शैलेंद्रला फोन करून सगळं सांगितलं. तो म्हणाला, “काकू, तुम्ही टेन्शन घेऊ नका. कोण बघतंय इथलं कॅलेंडर? आणि हात तर तुमचाच आहे ना?” पाचशे प्रती छापून झाल्या होत्या आणि बहुतेक वाटूनही. पुढच्या सभेत बोलू, असं म्हणून त्याने फोन ठेवून दिला. मंडळाच्या ग्रुपवर समारंभाचे फोटो आणि व्हिडिओ आधीच पडले होते. तिथून ते कुणी फेसबुकवर टाकले. दिनदर्शिका हातात धरलेल्या, शाल पांघरलेल्या लीलाताई.

आठ दिवसांत ते स्वरदापर्यंत पोहोचलं. तिने दोन्ही चित्रं शेजारी शेजारी लावून टाकली आणि खाली एवढंच लिहिलं: ‘डावीकडचं माझं, तीन वर्षांपूर्वीचं. उजवीकडचं भोपाळच्या एका मंडळाचं.’ तिने वाईट शब्द वापरला नाही. ते काम खाली लोकांनी केलं. कुणी चोर म्हटलं, कुणी या वयात प्रसिद्धीची हौस म्हटलं. लीलाताईंनी ते सगळं वाचलं. दुपारी दोन ते चार, त्याच टेबलाशी बसून.

मग त्यांनी स्वरदाला पत्र लिहिलं. आधी कागदावर, मग मोबाइलवर उतरवून. मला वाचून दाखवलं. व्हिडिओ थांबवून शिकल्याचं, अकरा प्रयत्नांचं, पेन्सिलीच्या ओळीचं, फोनच्या घोटाळ्याचं, सगळं त्यात होतं. आपल्या वहीतल्या चित्राचा, पेन्सिलीच्या ओळीसकट, फोटोही जोडला. हेमंतरावांचं मात्र काही लिहिलं नव्हतं. मी विचारलं, तर म्हणाल्या, “त्यांचं आजारपण पुढे करून माफी मागू का?”

दुसऱ्या दिवशी उत्तर आलं.

‘तुम्ही अभ्यास केलात यावर माझा विश्वास आहे. माझ्या चित्रांवरून कुणी शिकलं तर मला आनंदच होतो. पण समारंभाचा व्हिडिओ मी पाहिला. तुमच्या हातात माइक होता. तिथे एक वाक्य बोलता आलं असतं.’

लीलाताईंनी लिहिलं, ‘हो, बोलता आलं असतं.’ ते तिच्यापर्यंत गेलंच नाही. तोवर तिने त्यांना ब्लॉक केलं होतं. त्यांच्या मोबाइलवर आता ना तिची चित्रं दिसत होती, ना व्हिडिओ. मी म्हटलं, माझ्या फोनवरून बघा. त्यांनी मान हलवली. “तिने दार लावलंय. खिडकीतून कशाला बघायचं?”

शैलेंद्रने शेवटी ग्रुपवर दोन ओळींचा खुलासा टाकला. त्याच्याखाली कुणीतरी संक्रांतीच्या हळदीकुंकवाचं आमंत्रण टाकलं आणि तो वर निघून गेला. लोक रस्त्यात भेटले की अजूनही चित्राची तारीफ करतात. लीलाताई खरं सांगायला जातात, तर लोक म्हणतात, अहो काकू, एवढं काय त्यात. दर वेळी पूर्ण सांगायचं त्राणही त्यांच्यात नाही. गुडघ्याच्या दुखण्यासाठी मी जिथे जाते त्या डॉक्टरांकडे ती दिनदर्शिका आहे, किराणावाल्याकडे आहे.

चित्रं काढणं त्यांनी लगेच सोडलं नाही. फेब्रुवारीत एकदा बसलेल्या दिसल्या. खिडकीतली तुळस काढत होत्या. जरा वेळाने ब्रश पाण्यात ठेवला आणि म्हणाल्या, “कुठेही हात टाकला तरी तिचाच हात येतो. माझा असा कुठला आहे, तेच कळेना.” मी कपबशा उचलल्या.

घरातली दिनदर्शिका हेमंतरावांच्या पलंगासमोर टांगलेली आहे. ती त्यांनीच हट्टाने लावून घेतली होती. कुणी आलं की डावा हात उचलून आधी चित्र दाखवतात, मग लीलाताईंना दाखवतात. लीलाताईंनी त्यांना दोन-तीनदा समजावलं, जवळ बसून, हळूहळू, की हे चित्र दुसरीचं आहे. त्यांना काय उमगलं कोण जाणे. ते ‘ना-ना’ म्हणत राहिले.

या जानेवारीत शैलेंद्र नवी दिनदर्शिका घेऊन आला. यंदा गणपतीचा फोटो आहे. लीलाताईंनी स्टुलावर चढून जुनी काढली. हेमंतरावांनी पाहिलं आणि ओरडायला लागले. डाव्या हाताने चादर ओढली, बाजूचा पेला पाडला, चेहरा लाल झाला. आवाज ऐकून मी खाली गेले. लीलाताई जुनी दिनदर्शिका हातात धरून स्टुलापाशी उभ्या होत्या. मग मला म्हणाल्या, “जरा स्टूल धर गं,” आणि ती परत त्याच खिळ्याला टांगली, गेल्या वर्षाच्या तारखांसकट.