पट्टा सैल धरायचा

अण्णा गेल्याचा फोन आला तेव्हा मी दाढी करत होतो, आणि खोटं कशाला सांगू, दाढी पुरी करूनच उठलो. साताऱ्याच्या दवाखान्यातून पुतण्या बोलत होता. हृदय बंद पडलं म्हणाला आणि रडायला लागला. मी 'बरं' म्हणालो. सख्खा थोरला भाऊ गेल्यावर माणसाच्या तोंडून 'बरं' निघतं का? माझ्या निघालं. भिंतीपलीकडे अण्णाच्या घरात वहिनींचा आवाज फुटला तशी माझी बायको मालन अनवाणीच, पाय ओढत तिकडे गेली. दारातून वळून तिनं माझ्याकडे एकदा बघितलं. पाच आठवडे झाले, ते बघणं अजून माझ्या डोळ्यांसमोरून हललेलं नाही.

दहाव्याला नदीवर जो तो उठून सांगत होता, माणूस सोन्यासारखा होता, देवमाणूस होता. मी खाली मान घालून ऐकून घेतलं. पेपरच्या पुरवणीसाठी थोरल्या भावाबद्दल चार चांगले शब्द लिहा, असं मला सांगण्यात आलंय. चारच शब्द लिहायचे तर हट्टी, तिरसट, तोंडाळ आणि घुमा. तोंडाळ आणि घुमा एकाच वेळी कसं असता येतं, हे ज्याला कळत नसेल त्यानं आमच्या अण्णाशी भिंतीला भिंत लावून राहायला हवं होतं. नको तिथं बोलायचा आणि हवं तिथं तोंडातून अक्षर काढायचा नाही.

चोवीस वर्षं तो फौजेत होता आणि सगळी नोकरी कुत्री शिकवण्यात गेली. कोरेगावजवळच्या आमच्या गावात परत आला तो कुत्र्याशी गोड आणि माणसाशी कडू होऊन. मी प्राथमिक शाळेतला मास्तर, गाव न सोडलेला. वडील अंथरुणाला खिळले तेव्हा चौदा महिने त्यांचं सगळं मालननं केलं, हागणंमुतणं धरून. अण्णा आला तो ते गेल्यावर. आणि दहाव्याला, पिंड ठेवलेला, भावकी बसलेली, कावळ्याची वाट बघत सगळे गप्प... तेव्हा हा मोठ्यानं म्हणाला, "म्हाताऱ्याच्या पाठीला जखमा पडल्या. तुमी दोगं काय झोपा काढत हुता व्हय?" मालन डोक्यावरचा पदर तोंडापर्यंत ओढून उठली आणि घरी गेली. त्या दिवसापासून मी त्याच्याशी बोललो नाही. नऊ वर्षं. मधल्या छातीएवढ्या भिंतीवरून फक्त शेवग्याच्या शेंगा आणि शिव्या इकडच्या तिकडे जात. त्या वाक्याची माफी त्यानं कधी मागितली नाही, आणि मीही ती आज त्याच्या फोटोला हार घालून देणार नाही.

दोन वर्षांपूर्वी मालनला अर्धांगाचा झटका आला. हात सुधारला, तोंड सरळ झालं, डावा पाय मात्र ओढतच राहिला. डॉक्टरांनी रोज बाहेर चालायला सांगितलं होतं, नाहीतर उरलासुरला पायही आखडेल म्हणाले. पण ती उंबऱ्याच्या बाहेर पडेना. काठी घेऊन गल्लीतून जायची तिला लाज वाटायची. सांगलीला असणाऱ्या आमच्या मुलीनं मग एक पिल्लू आणून दिलं. तिचं म्हणणं असं, की आई काठी घेऊन चालली तर लोक आईकडे बघतील, कुत्रं घेऊन चालली तर कुत्र्याकडे. मालनला ते पटलं. तिनं त्याचं नाव भुऱ्या ठेवलं. पिल्लू दिवसभर कुईकुई करत दाराशी बसायचं, काही खायचं नाही. तिसऱ्या दिवशी भिंतीपलीकडून कुणालाही उद्देशून नाही असा आवाज आला, की अंगावरचं जुनं लुगडं त्याच्याखाली टाकावं. मालननं टाकलं. तासाभरात ते त्यात नाक खुपसून झोपलं. मला त्याचा रागच आला.

आता आमच्याकडे कुत्र्याला दोरी लावायची रीत नाही. रानात, वस्तीवर, कुत्रं मोकळंच असतं. दोरी असते गुरांना, आणि वासरू मी लहानपणापासून वळवत आलोय. तेव्हा मी गोठ्यातलं दावं आणलं, भुऱ्याच्या गळ्यात अडकवलं आणि पुढं होऊन ओढायला लागलो. वासराला असंच ओढतात. ते चार दिवस मान ताणतं आणि पाचव्या दिवशी मुकाट मागं येतं. भुऱ्या पोटावर सपाट झाला. मी ओढत राहिलो. गल्लीच्या मातीत त्याच्या नखांच्या रेघा उमटल्या, ते खोकायला लागलं, तरी मी शेजारच्याला मागून ढकलायला उभं केलं. अण्णा आपल्या ओट्यावर चहाची बशी घेऊन बसला होता. मला नाही, आमच्या दारात उभ्या असलेल्या मालनला तो म्हणाला, "मालन, त्या मास्तरला सांग, त्ये वासरू न्हाई. वासरू जुपायचं असतंय, कुत्रं संगं न्ह्यायचं असतंय." शेजारी हसला. मी दावं तिथंच टाकून घरात गेलो.

दुसऱ्या दिवसापासून अण्णा त्याला शिकवायला लागला. माझी परवानगी कुणी विचारली नाही. त्यानं स्वतःजवळचा कातडी पट्टा काढला, जुना, तेल पिऊन काळा झालेला, आणि सकाळी भिंतीवर ठेवला. मला काही सांगायचं झालं तर ते मालनला सांगायचा, मालन नसली तर कुत्र्याला. आधी नुसता पट्टा घालून पिल्लाला अंगणात सोडायचा. मग टोक हातात घेऊन पिल्लू जाईल तिकडे आपणच जायचं. मग एक पाऊल संगं आलं की भाकरीचा तुकडा. ओढायचं नाही, ओढलं तर थांबायचं, पट्टा सैल झाला की निघायचं. फौजेत कुत्रं डाव्या अंगाला चालवतात, कारण उजव्या हातात बंदूक असते. मालनचा डावा पाय बाहेरून फिरून पडायचा, कुत्रं त्या बाजूला असतं तर दोघं एकमेकांत अडकून पडली असती. म्हणून अण्णानं चोवीस वर्षांची सवय मोडून भुऱ्याला उजवीकडे घेतलं. तो स्वतःच दोनदा चुकून डावीकडे वळला आणि स्वतःलाच शिवी देताना मी ऐकलं. मला बरं वाटलं.

खरी अडचण पुढं होती. आमच्यात थोरला दीर धाकट्या भावजयीच्या अंगाला हात लावत नाही, तिच्या शेजारून खांद्याला खांदा लावून चालत नाही. पट्टा कसा धरायचा हे दाखवायलाही तो आधी भिंतीवर ठेवायचा, मग मालन उचलायची. ती पडत असती तरी त्यानं तिला धरलं असतं की नाही, कोण जाणे. म्हणजे तिच्याबरोबर चालून कुत्र्याला शिकवणं त्याला शक्यच नव्हतं. हे सगळं मला आज कळतंय. तेव्हा डोक्यात एकच होतं, की हा माणूस माझ्या घरात घुसतोय.

बाजाराचा दिवस होता. कोरेगावहून पिशव्या घेऊन आलो तर भिंतीपलीकडून वहिनींच्या हसण्याचा आवाज. त्या सुपात ज्वारी पाखडत बसल्या होत्या. आणि अंगणात अण्णा लंगडत होता. डावा पाय बाहेरून गोल फिरवून, फरफटत, खांदा एका बाजूला पाडून. हुबेहूब मालन. दोन पावलं, फरपट, थांब. दोन पावलं, फरपट, थांब. उजवीकडे भुऱ्या. माझ्या हातातल्या पिशव्या खाली पडल्या. थोरल्या भावाला आयुष्यात पहिल्यांदा मी 'रं' म्हणालो. "कुणाची नक्कल करतोयस रं?"

तो थांबला. वहिनींचं हसू विझलं. त्या काहीतरी सांगायला उठल्या, पण मी कुणाला बोलू देतोय? नऊ वर्षांचं सगळं बाहेर पडलं. बापाच्या दहाव्याला तिची अब्रू घेतलीस, आता तिच्या पांगळ्या पायाचा खेळ करून बायकोला हसवतोस, पुन्हा माझ्या दारात दिसलास तर तंगडं मोडीन... गल्ली गोळा झाली. अण्णानं तोंडातून शब्द काढला नाही. एवढंच म्हणाला असता, की आरं, कुत्र्याला तिची चाल शिकवतोय, तर मी गप्प झालो असतो. झालो असतो का? माहीत नाही. पण तो घुमा. त्यानं भुऱ्याला उचलून भिंतीवरून माझ्याकडे दिलं, पट्टा नीट गुंडाळून भिंतीवर ठेवला आणि म्हणाला, "मालनला सांग, पट्टा सैल धरायचा." मग आत गेला.

मालनला मी ते सांगितलं नाही. अण्णा तुझी नक्कल करून हसत होता, हे मात्र तिखटमीठ लावून सांगितलं. ती दोन दिवस जेवली नाही. तिसऱ्या दिवशी उठली, पट्टा घेतला आणि भुऱ्याला घेऊन बाहेर पडली. मी दारात उभा, आता पडेल मग पडेल म्हणून. ती पडली नाही. कोपऱ्यावरच्या पिंपळापर्यंत जाऊन आली. आल्यावर माझ्याशी काही बोलली नाही, आणि मी मनात म्हटलं, बघा, अण्णावाचून काही अडत नाही. पुढं रोज जायची. जाताना अण्णाच्या ओट्यापुढं तिचा पदर जरासा पुढं यायचा, आणि अण्णा चहाची बशी खाली ठेवून कुत्र्याकडे बघायचा, तिच्याकडे नाही. असे तीन महिने गेले आणि तो मेला.

सुतक संपलं तरी मालन दिवसभर वहिनींजवळ बसून असायची. भुऱ्या दाराशी घुटमळायला लागला म्हणून गेल्या आठवड्यात मीच पट्टा घेतला. माझे दोन्ही पाय धड. निघालो, तर दोन पावलांवर भुऱ्या थांबला. मान वळवून माझ्या डाव्या पायाकडे बघत राहिला. मी ओढलं. तो खाली बसला. पुन्हा उठवलं, दोन पावलं, पुन्हा थांबला. मी शिवी दिली, पट्ट्याला हिसका दिला. असं चार-पाचदा झालं, आणि मग भर गल्लीत मी त्याची पावलं मोजली. दोन पावलं, फरपट, थांब.

तसाच घरी गेलो आणि मालनला विचारलं, तुला ठाऊक होतं? ती भाजी निवडत होती. "पैल्या दिवशीच कळलं," म्हणाली. मग मला का नाही सांगितलंस? तिनं वर बघितलं नाही. "सांगून तुमी ऐकलं असतं व्हय?"

वडिलांच्या पाठीच्या जखमांचं त्याचं बोलणं मी विसरलेलो नाही. ते चूक होतं, आजही चूक आहे. पण मी तिला जे खोटं सांगितलं ते त्याहून वाईट होतं, आणि ते भिंतीपलीकडे ऐकू गेलेलं असूनही तो तीन महिने गप्प बसला. मला त्याचा अजून राग येतो, आणि आता तो काढायला माणूस उरलेला नाही.

भुऱ्या दुसऱ्या कशानं चालत नाही. काल मी इकडेतिकडे बघितलं, कुणी नव्हतं. डावा पाय बाहेरून फिरवला, फरफटत टेकवला. भुऱ्या लगेच निघाला. पट्टा सैल पडला. दोन पावलं, फरपट, थांब... असे आम्ही अण्णाच्या ओट्यापर्यंत आलो. ओट्यावर वहिनी उभ्या होत्या. किती वेळ बघत होत्या कुणास ठाऊक. त्या दिवशी त्यांना मी बोलू दिलं नव्हतं.

"कुणाची नक्कल करताय, भावजी?" त्या म्हणाल्या, आणि आत जाऊन त्यांनी दार लावून घेतलं.