महालक्ष्मीच्या पंगतीला रंगरूट

त्या वर्षी महालक्ष्म्या बसवताना माझं मन थाऱ्यावर नव्हतं. गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं, मुलगा-सून बंगळुरूला, त्यांना सुट्टी नाही. फॅक्टरीतून रिटायर झालेले आमचे हे आणि मी, एवढंच घर. माझ्या सासूबाई लग्न होऊन नागपूरकडून जबलपुरात आल्या, तेव्हा त्यांनी ट्रंकेत भांड्यांच्या आधी देवीचे मुखवटे ठेवले होते म्हणे. त्यांची श्रद्धा तशी होती. माझीही आहे, पण सोळा भाज्या श्रद्धेनं चिरल्या जात नाहीत, त्याला हात लागतात. तरी दोन दिवस खपून मी सगळं केलं. पुरण, आंबील, कढी, वडे, काही म्हणता काही सोडलं नाही.

आणि जेवणाच्या दिवशी सकाळीच फोन आला. आमच्या कॉलनीत आमच्याशिवाय मराठी घरं चार, आणि चारही एकमेकांचे भाऊबंद. त्यांचे अमरावतीचे म्हातारे काका पहाटे गेले. चारही घरांना सुतक! सुतकातली माणसं देवीच्या पंगतीला बसत नाहीत. काकांनी इतकी वर्षं दम धरला होता, आणखी एक दिवस धरला असता तर काय बिघडलं असतं, असं माझ्या मनात आलं. देव मला क्षमा करो. शेजारच्या हिंदी घरी विचारलं, तर त्या दिवशी बायकांची संतान सप्तमी. "दीदी, आज तो हमारा व्रत है," म्हणून भाभींनी हात जोडले. आमच्या घरचा रिवाज असा की महालक्ष्मीचा प्रसाद उंबरठ्याबाहेर जात नाही. म्हणजे डबे भरून पाठवायचीही सोय नाही. खाणाऱ्यानं घरीच यायला हवं.

नैवेद्य दाखवला, आरती झाली, आणि माझा बांध फुटला. देवीला स्पष्टच सांगितलं, "आई, तुझी पंगत आज रिकामी राहिली, तर मी समजेन की तुलाच इथं यायचं नाही. मुखवटे नणंदेकडे पाठवून देईन." देवीला असं बजावू नये, एवढी अक्कल मला आहे. पण दुखरा गुडघा अकलेचं ऐकत नाही. मग मी फाटकापाशी खुर्ची टाकून बसले.

आमचं घर ग्वारीघाटाच्या रस्त्यावर. रविवार असल्यामुळे फौजेत नव्यानं भरती झालेली दहा-बारा पोरं, इकडे त्यांना रंगरूट म्हणतात, नर्मदेचं दर्शन घेऊन परत चालली होती. बारीक कापलेले केस, सारखा पोशाख. त्यांतला एक काटकुळा पोरगा फाटकापुढची रांगोळीची पावलं पाहून थबकला.

"काकू, महालक्ष्म्या बसल्या काय वो तुमच्या इथं?"

"बसल्या ना बाबा. पण जेवायले कोणी नाही."

"काहून?"

मग मी माझं सगळं रडगाणं त्याला ऐकवलं. तेवढ्यात त्यांना शिकवणारे हवालदार मागून आले. पोरं त्यांना उस्ताद म्हणत. आमचे हे एरवी चार शब्दांत दिवस काढणारे, पण त्या दिवशी हात जोडून पुढे झाले. "उस्ताद जी, बच्चों को भोजन करा दीजिए. देवी का प्रसाद है, बाहर नहीं भेज सकते."

"बाबूजी, ऐसे किसी के घर खाने का हुक्म नहीं है."

त्यांचं काही चूक नव्हतं. परक्यांच्या लेकरांची जबाबदारी होती त्यांच्यावर. तरी त्यांनी दारातून आत पाहिलं, मांडलेली पानं पाहिली, आणि बाजूला जाऊन फोन लावला. तेवढा वेळ माझा जीव टांगणीला लागला होता. परत आले ते पायातले बूट काढतच. "चलिए माताजी. एक घंटा."

बूट रांगेत लागले, पोरं पंगतीत बसली. वाढून झालं तरी एकही हात पानाला लागेना. सगळे उस्तादांकडे बघत होते. उस्ताद म्हणाले, "यहाँ माताजी का हुक्म चलेगा." मी म्हटलं, "लेकरांनो, करा सुरुवात." आणि मग काय विचारता! वाढता वाढता यांची आणि माझी त्रेधा उडाली. "हळू जेवा रे, इथं कोणी शिटी वाजवून नाही राहिलं," असं म्हणावं लागलं. उस्ताद राजस्थानचे. ते पोरांचं झाल्यावर बसले आणि पुरणपोळी तुपात बुडवून जेवले. माझा गुडघा दुखत होता की नाही, मला आठवत नाही.

काटकुळा पोरगा आर्वीकडचा होता. जेवण झाल्यावर त्यानं आईला व्हिडिओ कॉल लावून फोन माझ्या हाती दिला. तिच्या मागे तिच्या महालक्ष्म्या दिसत होत्या. "माय वो! सकाळपासून याचं पान मांडून रडून राहिली होती मी," ती बाई म्हणाली. "ताई, मी इथं मांडलं, पण देवीनं ते तुमच्याकडं वाढलं." मी पदरानं डोळे पुसले, आणि तीही तिकडे पुसत होती. ना ओळख ना पाळख, पण आम्ही दोघी एकाच चुलीपाशी बसल्यासारख्या रडलो, आणि मग हसलो.

हा चमत्कार होता का, मला सांगता येणार नाही. रविवार होता, घाटाचा रस्ता होता, पोरं तिथून जाणारच होती, असं कोणी म्हटलं तर मी वाद घालणार नाही. मला एवढंच कळलं की स्वयंपाक माझा होता, पंगत माझी नव्हती. ती भरायची काळजी मी उगाच डोक्यावर घेऊन बसले होते.

दुसऱ्या दिवशी विसर्जन. हातात अक्षता घेऊन देवींना निरोप द्यायचा आणि मुखवटे किंचित हलवायचे. हे शेजारी उभे होते, मी काय बोलते याची वाट बघत. मी अक्षता वाहिल्या आणि म्हटलं, "आई, पुढल्या वर्षी ये. मी चूल पेटवून ठेवते. येताना लेकरं तूच घेऊन ये."