दीपमालाचं प्रमेय

मखमलाबादला झेंडू लावणाऱ्या कोंडाजींची सून दीपमाला गणितात पीएच.डी. करते, हे अख्ख्या गल्लीला ठाऊक. कशात करते, ते मात्र विचारायची सोय नाही. सासूने, सरुबाईंनी, एकदा विचारलं होतं.

"आई, समजा मोठ्या घरात एक लहान घर आहे," दीपमाला म्हणाली. "लहान घराचं कोडं मोठ्या घरात सुटत असेल, तर ते लहान घरातल्या घरातही सुटलंच पाहिजे. तसं असेल तर लहान घर शुद्ध."

"आपल्याकडं तर कायबी सुटत नाय," म्हणत सरुबाई फुलं निवडायला बसल्या.

ही घरं म्हणजे मॉड्यूल. लहान मॉड्यूल शुद्ध असेल आणि ते काढून उरलेल्याचे जनक, म्हणजे ज्यांच्यातून बाकी सगळं तयार होतं ते घटक, मोजके असतील, तर मोठ्याचे सरळ दोन वेगळे भाग पडतात, आणि तेही कुठल्याही रिंगवर, म्हणजे घराच्या पायात कुठलीही आकडेमोड असली तरी, असं दीपमालाचं प्रमेय होतं. तिसरं प्रकरण त्याच्यावर उभं, आणि प्रबंध तिसऱ्या प्रकरणावर. तासिका तत्त्वावर शिकवून शिकवून बाई पिचली होती. डिग्रीशिवाय कायमची नोकरी कोण देतो?

समितीपुढच्या सादरीकरणाला आठवडा उरला, तेव्हा तिने नमुन्याला एक उदाहरण घेतलं. अनंत फील्ड्सचा गुणाकार, आणि त्यात मोजकेच घटक शून्य नसलेल्यांचं आयडियल. आयडियल शुद्ध. उरलेल्याचा जनक तर एकच. पण भाग काही केल्या पडेनात. रात्रंदिवस खरडून तिला चूक सापडली. जनक मोजके, म्हणजे त्यांच्यातले संबंधही मोजकेच असणार, असं तिने न सांगता धरलं होतं. इथे संबंध अनंत होते. नोथेरियन म्हणतात त्या आटोपशीर रिंगवर ते खरंच मोजके असतात, आणि तिचा सगळा जन्म नोथेरियन रिंगवरच गेलेला. सवयीने घात केला. सगळं मुसळ केरात.

ती गाईडकडे, शेखर सरांकडे, धावली. त्यांनी पान पाहिलं, चष्मा पुसला.

"अगं, एवढंच ना? सुरुवातीला 'रिंग नोथेरियन आहे' असं लिही. प्रमेय खरं होईल."

"सर, मग ते सगळ्यांना आधीपासूनच माहीत आहे. माझं काय उरलं त्यात?"

"डिग्री उरली. झाकली मूठ सव्वा लाखाची, दीपमाला. समितीला कचोरी सांगितलीस ना?"

कचोरी सांगितली होती. आपल्याकडे आधी नाश्ता पक्का करतात, मग गणित. तिने तो एक शब्द घातला आणि ठरल्या दिवशी समितीपुढे बोलली. तिसरं प्रकरण आलं नि गेलं. बाहेरून आलेले परीक्षक चटणी मागत होते. "छान, अगदी नेटकं," ते म्हणाले. "काही प्रश्न नाहीत."

तिला संताप आला. इतकी वर्षं घासली, आणि एका माणसाला विचारावंसं वाटू नये की, बाई, यात तुझं काय आहे? ती खाली बसायच्या ऐवजी फळ्याकडे वळली आणि तेच उदाहरण लिहून मोकळी झाली. "माझं मूळ प्रमेय इथे पडतं. आता जे उरलंय ते जुनंच आहे."

शेखर सरांनी कपाळावर हात मारला. परीक्षकांनी बशी बाजूला ठेवली आणि पहिल्यांदाच नीट वाचलं. मग म्हणाले, "असं असेल तर तिसरं प्रकरण नव्याने करावं लागेल."

ती घरी आली तेव्हा सरुबाई ओट्यावर वाट बघत होत्या. "झालं का?"

"नाही. परत सगळं करायला लावलं."

सरुबाईंनी पदर खोचला. "कोणी घातला खोडा? नाव सांग. मी येते उद्या तुझ्यासंग, बघते त्याला."

"मीच घातला, आई. चूक होती, मीच सांगितली."

सरुबाईंनी खोचलेला पदर सोडला. "मग मी आता भांडू कोणाशी?"

तोच प्रश्न दीपमालाला कॉलेजातून निघाल्यापासून छळत होता. ती पायरीवर बसली आणि रडली.