रांगेत थांबलेली रीडिंगं

वाळूजच्या ज्या कारखान्यात मला पहिली नोकरी लागली, तिथं तेलाचे पंप बनायचे. तयार पंप तपासणीच्या टेबलावर चढवून त्याचा दाब मोजत. ते रीडिंग कॉम्प्युटरवर घ्यायचं काम साहेबांनी माझ्याकडं दिलं. पिशोरला माझे वडील मेंढरं राखायचे. मी नेमकं काय करते, हे मला त्यांना कधीच नीट सांगता आलं नाही.

प्रोग्रॅम दोन होते, एक रीडिंग घेणारा आणि दुसरा छापणारा. प्रिंटर संथ चालायचा. त्याच्यासाठी पहिला प्रोग्रॅम खोळंबला की पुढचं रीडिंग हुकायचं. साहेबांनी कागदावर चौकोनांची एक ओळ काढली.

"ही मेमरी दोघांची सामायिक. पहिला ह्यात रीडिंग ठेवत जाईल, दुसरा मागून उचलत येईल. कुठवर ठेवलं, कुठवर उचललं, ते दोन आकडेही इथंच ठेवायचे."

"शेवटचा चौकोन भरल्यावर?"

"परत पहिला. तोवर तो रिकामा झालेला असतो."

मी ते लिहिलं आणि ते चाललं. मला ते तेव्हा साधंच वाटलं होतं.

ते विद्यापीठाच्या नामांतराच्या आंदोलनाचे दिवस होते. एक दिवस शहर बंद झालं, एसट्या थांबल्या आणि साहेब येऊ शकले नाहीत. मी बजाजनगरात मावशीकडं राहायचे, म्हणून चालत पोचले. तपासणीवरचे मामाही बजाजनगरचेच. वयानं थोर, म्हणून सगळा कारखाना त्यांना मामा म्हणायचा. आदल्या दिवशीचे पंप पडून होते, ते त्यांनी तपासायला घेतले.

डबा खाऊन मी परत आले तर प्रिंटर गप्प. कागद अडकला होता आणि छापणारा प्रोग्रॅम बंद पडला होता. मामांचं काम मात्र चालूच होतं.

"मामा, किती पंप झाले?"

"वीस-बावीस झाले की. का वो ताई?"

तेवढे सगळे पंप पुन्हा टेबलावर चढवायला लागणार, असंच मी धरून चालले. कागद सोडवला, प्रोग्रॅम नव्यानं सुरू केला.

प्रिंटर खरखरला. एक ओळ आली, मग दुसरी, मग थांबेचना. मामांचा मशीनवर भरवसा नव्हता. ते प्रत्येक रीडिंग स्वतःपुरतं पेन्सिलनं वहीत टिपायचे; कारखान्याला मात्र छापलेलंच चालायचं. मी ती वही मागून घेतली आणि बोट ठेवून एकेक आकडा ताडून पाहिला. जिथं कागद अडकला होता, तिथूनच पुढं सगळं आलं होतं. एकही गाळलेलं नाही, एकही दोनदा नाही.

आधीचा छापणारा प्रोग्रॅम संपला होता, हा नवा होता. ह्याला मागचं काही ठाऊक असायचं कारण नव्हतं. पण ती मेमरी दोघांपैकी कुणा एकाची नव्हतीच. एक गेला तरी कॉम्प्युटर चालू असेतो ती तशीच राहिली होती, आणि वीस-बावीस रीडिंगं मावतील एवढे चौकोन तिच्यात होते. मी स्वतः लिहिलेलं होतं ते, आणि तरी मी त्याच्याकडं अनोळखी माणसासारखी बघत उभी होते.

मी मामांना चौकोन काढून सगळं समजावलं. त्यांनी विचारलं, "म्हंजे ठेवणारा अन् उचलणारा येकमेकाला वळखत बी नाय?"

"नाय, मामा."

"अन् तरी चुकत नाय. लई गजब हाय."

संध्याकाळी सामसूम रस्त्यानं आम्ही दोघं बजाजनगरकडं निघालो. मामा वाटभर विद्यापीठाबद्दल बोलत होते. त्यांची मुलगी तिथं एम.ए.ला होती. तिच्या प्रमाणपत्रावर बाबासाहेबांचं नाव यावं, एवढंच त्यांना हवं होतं. तेच ते परत परत सांगत होते.

मी "हो, मामा" म्हणत होते. पण माझ्या डोक्यात ते चौकोनच फिरत होते, आणि त्यांचं अर्धं बोलणं माझ्या कानांवरून गेलं. त्याचं मला आजही वाईट वाटतं.