बिस्किटाच्या डब्यातलं अकोला

साठच्या दशकात अमरावतीच्या आमच्या दोन खोल्यांच्या घरात एक वायरलेस केंद्र होतं. केंद्र म्हणजे बिस्किटाचा पत्र्याचा डबा. आत जुन्या रेडिओचे व्हॉल्व्ह आणि लाटण्यावर गुंडाळून आकार दिलेली तांब्याची कॉइल. परवाना रीतसर काढलेला होता. तारमास्तरासारखी चावी दाबली की कट्ट-कडकट्ट करत अक्षरं हवेत जायची, निदान अशी माझी समजूत होती. ताकद सायकलच्या दिव्याइतकी. तसाच डबा अकोल्यात मित्रानं बनवला होता. दोन डब्यांनी एकमेकांशी बोलावं, एवढंच ठरलं होतं.

दिवाळी गेली, होळी गेली. दर रविवारी दुपारी बाराच्या ठोक्याला मी चावीवर बसायचो. मनगट भरून यायचं, मान आखडायची. मग स्विच फिरवून ऐकायला बसावं, तर नुसती खरखर. आठवडाभर तारांचे सगळे जोड पुन्हा डाख देऊन पक्के करायचे आणि पुढच्या रविवारी तीच खरखर ऐकायची.

शेवटी एका रविवारी सकाळी पत्नीनं मुदत दिली. "नणंदबाई येऊन राह्यल्या आज रातच्याला शेंदूरजनाघाटहून. संध्याकाळपर्यंत हा डबा माळ्यावर. तिथून खाली यायचा नाई."

त्या दुपारी चावी दाबायचंही त्राण नव्हतं. घरातलं बोलणं ऐकू येऊ नये म्हणून हेडफोन तेवढा चढवून बसलो. आणि खरखरीच्या मागून बारीक कट्ट-कडकट्ट आलं. अकोला! तेव्हा उलगडा झाला. बाराला सुरुवात करायची हे ठरलं होतं, आधी कोणी बोलायचं हे नाही. इतके रविवार आम्ही दोघं एकाच वेळी बोलत होतो, आणि दमून एकाच वेळी गप्प होत होतो. दोघंही पक्के वऱ्हाडी, आधी दुसऱ्याचं ऐकून घ्यावं हे सुचणार कोणाला?

मी उत्तर दिलं. पलीकडून एकेक अक्षर आलं: जेवला का?

पत्नीला सांगितलं. ती हात पुसत आली.

"इतक्या खटाटोपानं हे इचारलं त्यायनं?" मग म्हणाली, "ते माह्या माहेरच्याच गल्लीत राह्यतात ना? मंग इचारा, आईचा गुडघा कसा हाय."

दुसऱ्यांचे निरोप पोचवायला परवान्यात मनाई होती. मित्राच्या शेजारणीची चौकशी मी स्वतःच करू नये, असं मात्र कुठं लिहिलं नव्हतं. मी चावीवर हात ठेवला. मित्र उठून सासूबाईंकडे जाऊन आला. गुडघा बरा होता. मग पापड झाले का, भावाचं लग्न जमलं का, पोरगी काळी की गोरी. एकेका प्रश्नाला माझं मनगट तुटत होतं, आणि ती शेजारी मांडी ठोकून बसली होती.

संध्याकाळी नणंदबाई आल्या. त्यांच्या वळकट्या माळ्यावर गेल्या, डबा जागेवरच राहिला. पुढच्या रविवारी काय काय विचारायचं, ते पत्नी त्यांना सांगत होती. मला मनातून वाटत होतं, डबा वर गेला असता तर निदान एक रविवार झोपलो असतो.