आल्याचा काढा आणि बहिणीच्या गोळ्या

मी कॉलेजात रसायनशास्त्र शिकवते, आणि माझी जीभ माझ्या ताब्यात नाही. कोऱ्हाळ्याला माहेरी गेले होते. आई चहात आलं किसत होती, आणि मी आपली सुरू झाले: आल्यातली काही तिखट द्रव्यं मेंदूतल्या सेरोटोनिनच्या एका रिसेप्टरला चिकटतात, भीतीवरच्या काही औषधांचा रोखही त्याच्यावरच असतो. हे काचेच्या नळीत दिसलंय, माणसात सिद्ध व्हायचंय, हेही सांगितलं. पण तोवर आई चहा गाळायला लागली होती.

धाकट्या बहिणीला भीतीचे झटके येतात. छाती धडधडते, श्वास अडकतो. बारामतीच्या डॉक्टरांच्या गोळ्यांनी पोरगी आत्ता कुठं सावरली होती.

पंधरा दिवसांनी इंदापूरकडचे पाहुणे तिला बघायला आले. मी पोचले तर ही मागच्या खोलीत भिंतीला टेकलेली, घामानं भिजलेली, धापा टाकतेय. गोळ्या कुठायत?

"आठ दिस झालं, बंद केल्या," आई म्हणाली. "पाकीट पाहुण्यांच्या नजरंला पडलं तर पोरीला येडी म्हणतील. तीन टायमाला आल्याचा काढा देतीया. तूच म्हणली व्हतीस, गोळीचंच काम करतं."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली! अगं, शुगरची गोळी अशी लपवली असतीस का? एकदम थांबवू नका म्हणून डॉक्टरांनी बजावलं होतं ना? आईचा राग आला, त्याहून माझा. ती अर्ध्या हळकुंडानं पिवळी झाली, पण ते हळकुंड तिच्या हातात दिलं मीच.

तशीच तणतणत ओसरीवर गेले. पाहुणे पोहे खात होते. "मुलीला भीतीचा आजार आहे," मी म्हणाले. "गोळ्या चालू होत्या, आम्ही मूर्खांनी बंद केल्या. आज ती बाहेर येणार नाही." बशा खाली ठेवल्या गेल्या. 'कळवतो' म्हणून मंडळी उठली. मला वाटलं, बरं झालं, एकदाचं खरं बोललं कुणीतरी!

मी डॉक्टरांना फोन लावला, विचारलं, आणि कपाटात दडवलेल्या पाकिटातली गोळी बहिणीच्या हातावर ठेवली. तिनं ती घेतली. मग माझ्याकडं न बघता म्हणाली, "मुलाशी पाच मिनटं बोलायला देतात ना, ताई, तवा हे मीच सांगणार व्हते त्याला. पंधरा दिस घोकत व्हते."